ताशी वीस डॉलर, तरी हातात काय? अमेरिकी शाळांमधल्या ‘बाकीच्या’ कर्मचाऱ्यांचं पगाराचं गणित

२१ मार्च २०२३ ला लॉस एंजेलिस शहरातल्या सरकारी शाळांना कुलूप लागलं आणि चार लाखांहून जास्त मुलं तीन दिवस घरी बसली. संपाची हाक शिक्षकांनी दिली नव्हती. शाळेची बस चालवणारे, दुपारचं जेवण वाढणारे, वर्ग झाडणारे, बाग राखणारे, दिव्यांग मुलांच्या शेजारी दिवसभर बसणारे मदतनीस अशा सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांची ‘एसईआययू लोकल ९९’ ही संघटना संपावर गेली होती. शिक्षकांच्या संघटनेनं पाठिंबा दिला आणि तेही वर्गात गेले नाहीत.

संघटनेनं सगळीकडे एकच आकडा पुढे केला होता: आमच्या सदस्यांचा सरासरी पगार वर्षाला २५,००० डॉलर. इथे बसून आपण लगेच ऐंशीनं गुणतो, वीस लाख रुपये येतात, आणि ‘एवढ्यावर संप कसला करतात!’ असं तोंडून निघतं. हा गुणाकार करू नका. घरभाडं, पेट्रोल, डॉक्टर सगळं तिथे डॉलरमध्येच भरायचं असतं. त्या वर्षी अमेरिकी सरकारच्या हिशेबानं चार माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा ३०,००० डॉलर होती. म्हणजे देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या शाळायंत्रणेत नोकरी करणारा माणूस एकट्याच्या पगारावर घर चालवत असेल, तर सरकारी व्याख्येनंच गरीब.

आता गंमत बघा. याच लोकांचा ताशी दर पाहिला तर तो किमान वेतनाच्या वर होता. मग वर्षाचा आकडा इतका खाली कसा जातो? पगाराची बहुतेक सगळी भांडणं या एका प्रश्नाच्या उत्तरातून फुटतात.

आधी स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते

अमेरिकेत सरकारी शाळा राज्याचं शिक्षण खातं थेट चालवत नाही. गावागावात, शहराशहरात स्वतंत्र संस्था असतात, त्यांना स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपला महसुली जिल्हा डोळ्यांपुढे आणू नका. एखादं डिस्ट्रिक्ट दोन-तीन शाळांचं असतं, एखादं हजार शाळांचं. देशभरात अशी सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं एक मंडळ असतं, ते अंदाजपत्रक ठरवतं, मुख्य अधिकारी नेमतं आणि कर्मचारी संघटनांशी पगाराचा करार करतं. प्रत्येक डिस्ट्रिक्टचा करार वेगळा, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शाळेत त्याच कामाचे पैसे वेगळे असू शकतात. वेतन आयोग नाही, सगळ्यांना एकदम लागू होणारी श्रेणी नाही.

या शाळांतल्या एकूण मनुष्यबळापैकी जवळपास निम्मे लोक शिक्षक नसतात. काही मुख्याध्यापक, समुपदेशक, अधिकारी असतात. उरलेल्यांना कुठे ‘सपोर्ट स्टाफ’, तर कॅलिफोर्नियात ‘क्लासिफाइड’ म्हणतात. आपण सहायक कर्मचारी म्हणू. वर्गात शिक्षकाला मदत करणाऱ्या सहायकाला तिथे ‘पॅराएज्युकेटर’ किंवा नुसतं ‘पॅरा’ म्हणतात. हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल.

दर ऐकू नका, तास विचारा

लग्नसराईत बँडवाल्याची सुपारी ऐकून त्याच्या वर्षाच्या कमाईचा अंदाज बांधता येत नाही. यंदा मुहूर्त किती होते, ते विचारावं लागतं. शाळेच्या सहायक कर्मचाऱ्याचं तसंच आहे.

ताशी २० डॉलर धरू. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे काम करणाऱ्याचे तास होतात २,०८० आणि पगार ४१,६०० डॉलर. शाळा मात्र बहुतेक राज्यांत वर्षाला साधारण १८० दिवस भरते. दिवसाला ६ तासांचं काम असेल तर १,०८० तास, २१,६०० डॉलर. जेवणघरात ४ तासांचं काम असेल तर ७२० तास आणि १४,४०० डॉलर. यातून कर जातो, विमा जातो. ताशी दर तिघांचाही सारखाच.

म्हणून ‘आम्ही दर दहा टक्क्यांनी वाढवला’ असं डिस्ट्रिक्ट सांगतं तेव्हा ते खोटं नसतं, पण ७२० तासवाल्याच्या हातात वर्षाला १,४४० डॉलर पडतात, महिन्याला १२०. मिनियापोलिसमध्ये मार्च २०२२ मध्ये शिक्षक आणि सहायक कर्मचारी दोघे संपावर गेले, तेव्हा सहायकांची मागणी ताशी दरात नव्हतीच. सुरुवातीचा वार्षिक पगार ३५,००० डॉलर करा, असं ते म्हणत होते. मला ही मागणी फार शहाणपणाची वाटते, कारण ती मान्य करायची तर तास आणि दिवस यांचा विषय टाळताच येत नाही.

मग तास वाढवत का नाहीत?

दोन कारणं आहेत, एक सरळ आणि एक कमी सरळ.

सरळ कारण असं की काही कामं खरोखरच थोड्या वेळाची असतात. जेवणाची वेळ अकरा ते एक. बस सकाळी दोन-अडीच तास, दुपारी तितकीच. मधल्या वेळात ड्रायव्हरनं करायचं काय? पण त्या मधल्या वेळाचे पैसेही मिळत नाहीत. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, नऊला मोकळं व्हायचं, दोनला पुन्हा हजर व्हायचं. दिवस जातो अकरा-बारा तासांचा, पगार मिळतो पाच-सहा तासांचा. याला स्प्लिट शिफ्ट म्हणतात. मधल्या पाच तासांसाठी दुसरी नोकरी देणारा मालक शोधून दाखवा!

दुसरं कारण कायद्यातल्या उंबरठ्यांचं. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार, म्हणजे लोक ज्याला ‘ओबामाकेअर’ म्हणतात त्यानुसार, मोठ्या संस्थेनं आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्याला विमा देऊ करायचा, नाहीतर दंडाची टांगती तलवार. कुटुंबाचा विमा मालकाला वर्षाला कित्येक हजार डॉलरला पडतो. साहजिकच काही ठिकाणी पॅराची जाहिरात निघते ती दिवसाला पावणेसहा तासांची. पाच दिवसांचे होतात पावणेएकोणतीस. हा आकडा शाळेच्या घंटेवरून आलेला नसतो, हिशेबनीसाच्या टेबलावरून आलेला असतो.

दुसरा उंबरठा रजेचा. १९९३ च्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्यानुसार बाळंतपण, स्वतःचं गंभीर आजारपण किंवा आईवडिलांची शुश्रूषा यासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते आणि परत आल्यावर नोकरी शाबूत असते. अट अशी की आधीच्या १२ महिन्यांत १,२५० तास भरलेले हवेत. आता वरचं गणित पुन्हा बघा: ६ तास गुणिले १८० दिवस म्हणजे १,०८०. अट पुरी होत नाही. सात तास असतील तर १,२६०, म्हणजे जेमतेम. मध्ये दोन दिवस ताप आला की संपलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांचे तास असेच विचित्र मोजले जात, म्हणून त्यांच्यासाठी २००९ मध्ये केंद्रीय कायद्यात वेगळी तरतूद झाली. शाळेतल्या लोकांसाठी तशी विधेयकं मांडली गेली, पण कायदा झाला नाही. काही राज्यांनी आपल्यापुरती सवलत दिली आहे, इतकंच.

उन्हाळ्यात चूल कशी पेटते?

जून ते ऑगस्ट शाळा बंद. काम नाही, म्हणून पगार नाही. काही डिस्ट्रिक्ट दहा महिन्यांचा पगार बारा हप्त्यांत वाटून देतात. त्यानं सोय होते, रक्कम एका डॉलरनंही वाढत नाही.

बेकारी भत्ता का घेत नाहीत, असं कुणीही विचारेल. बांधकामावरचा मजूर हिवाळ्यात काम थांबलं की तो भत्ता मागू शकतो. शाळेच्या कर्मचाऱ्याला मात्र बहुतेक राज्यांत तो सुट्टीत मिळत नाही. पुढच्या सत्रात कामावर घेण्याची ‘वाजवी हमी’ डिस्ट्रिक्टनं दिली असेल, तर तो माणूस बेकार नाही, असं नियम म्हणतो. हमी पुढच्या ऑगस्टची असते, भाडं मात्र या जुलैचं द्यायचं असतं. शिक्षकांच्या बाबतीत केंद्रीय कायद्यानं हा नियम सक्तीचा केला आहे, सहायक कर्मचाऱ्यांबाबत तो राज्यांवर सोडला आहे. म्हणूनच मिनेसोटाला २०२३ मध्ये नियम बदलून तासावर काम करणाऱ्या शालेय कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात भत्ता देता आला. राज्यानं त्यासाठी १३.५ कोटी डॉलर बाजूला काढले, कारण तो खर्च डिस्ट्रिक्टवर पडला असता तर ती ओरडली असती. कॅलिफोर्नियानं दुसरी वाट काढली. तिथे कर्मचारी वर्षभर पगारातून थोडे पैसे मागे ठेवतो आणि उन्हाळ्यात राज्य त्यात जास्तीत जास्त तेवढीच भर घालून परत देतं. पण मुळात पगारच अपुरा असलेला माणूस मागे ठेवणार किती?

हे फार लांबचं वाटत असेल, तर आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं मानधन आठवा. केंद्राच्या निकषानुसार २००९ पासून ते महिन्याला १,००० रुपये आहे आणि वर्षातले १० महिनेच मिळतं. वर जी भर पडते ती राज्य सरकारची. सुट्टीचे दोन महिने दोन्ही देशांत सारखेच कोरडे.

पॅरा नेमकं करतो काय

पगाराच्या बातम्यांत बस ड्रायव्हर जास्त दिसतो, कारण बस आली नाही की सगळ्या गावाला कळतं. माझ्या मते सगळ्यात अवघड नोकरी पॅराची आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

१९७५ च्या केंद्रीय कायद्यानं प्रत्येक दिव्यांग मुलाला सरकारी शाळेत, त्याच्या गरजेप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा बनतो. त्यात ‘या मुलाबरोबर पूर्णवेळ एक मोठा माणूस हवा’ असं लिहिलं, की ते शाळेवर कायद्यानं बंधनकारक. तो मोठा माणूस म्हणजे पॅरा. स्वमग्न मुलाला गोंगाट सहन न होऊन ते डोकं आपटायला लागलं की त्याला सांभाळायचं, नळीनं अन्न घेणाऱ्याला भरवायचं, मोठ्या मुलांचे डायपर बदलायचे, आणि पुन्हा वर्गात बसून त्याला अपूर्णांक समजावायचे. चावे, बुक्के, पाठीची दुखणी या कामात नेहमीची. केंद्राचा गरीब वस्त्यांसाठीचा निधी घेणाऱ्या शाळांत शिकवण्याच्या कामाला पॅरा नेमायचा, तर दोन वर्षांचं कॉलेज किंवा ठरलेली परीक्षा लागते. ती पास करून आलेल्या माणसाला त्या विशिष्ट मुलाला कसं हाताळायचं याचं प्रशिक्षण मात्र कित्येकदा मिळत नाही. आराखडा ज्या बैठकीत ठरतो, तिथेही त्याला बोलावतातच असं नाही.

त्यामुळे यांच्या मागण्यांच्या यादीत पगाराच्या खाली आणखी बरंच काही असतं: पगारी प्रशिक्षण, इजा झाल्यावर रजा, शिक्षकाबरोबर नियोजनासाठी रोजचा थोडा वेळ, आणि आयत्या वेळी दुसऱ्या वर्गात न पळवण्याची हमी. शेवटचा मुद्दा पालकांनी नीट वाचावा. कुणी गैरहजर असलं की हाताशी असलेल्या पॅराला तिकडे पाठवलं जातं, आणि ज्या मुलाच्या आराखड्यात तो लिहिलेला आहे ते मूल त्या दिवशी एकटं पडतं.

पैशाची बाजू अशी की हा कायदा करताना दिव्यांग मुलांच्या जादा खर्चापैकी ४० टक्क्यांपर्यंत वाटा आपण उचलू, असं केंद्रानं म्हटलं होतं. प्रत्यक्षात तो अलीकडे १५ टक्क्यांच्याही खाली राहिला आहे. हक्क वॉशिंग्टननं दिला, बिल गावाकडे आलं, आणि गावानं ते पॅराच्या तासांतून वसूल केलं.

‘अर्धवेळ काम, अर्धवेळ पगार. यात अन्याय कुठला?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळेच्या वेळेत काम आणि मुलांबरोबर सुट्टी, म्हणून ही नोकरी मुद्दाम धरणारे लोक आहेत. त्यांना जास्त तास नकोच असतात.

पण नोकरी अर्धवेळ आहे की नाही, हे बाजारात लगेच कळतं. शाळेची बस चालवायला अवजड वाहनाचा व्यावसायिक परवाना लागतो, वर प्रवासी आणि शाळेच्या बससाठीच्या वेगळ्या परीक्षा. तोच परवाना खिशात असलेल्याला ट्रक कंपनी पूर्ण आठवड्याचं काम देते, आणि मागच्या सीटवर पन्नास पोरं नसतात. महासाथीनंतर ड्रायव्हर तिकडे गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांना मुलांना शाळेत नेण्यासाठी नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव लष्करी दलाचे, जवान बोलवावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल शहरात ड्रायव्हर कमी म्हणून बसचे मार्ग नव्यानं आखले, तर पहिल्याच दिवशी शेवटची मुलं रात्री दहाच्या सुमारास घरी पोचली. पुढे आठवडाभराहून जास्त शाळा बंद ठेवावी लागली. ड्रायव्हरचे वाचवलेले तास असे दुसऱ्या खिशातून गेले.

‘पण पैसे आणायचे कुठून?’

डिस्ट्रिक्टचं उत्पन्न मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं: राज्याचं अनुदान आणि स्थानिक कर, त्यातही घरपट्टी. केंद्राचा वाटा लहान असतो. श्रीमंत वस्तीच्या गावात घरं महाग, म्हणून करही जास्त. कॅलिफोर्नियात १९७८ च्या जनमतानं घरपट्टीवर मर्यादा घातली, तेव्हापासून तिथल्या शाळा प्रामुख्यानं राज्याच्या तोंडाकडे बघतात. आणि राज्य पैसे देतं ते मुलांच्या हजेरीवर. लॉस एंजेलिसमध्ये या शतकाच्या सुरुवातीला सात लाखांवर मुलं होती, संपाच्या वेळी चार लाखांच्या थोडी वर. मुलं कमी झाली म्हणून इमारती झाडायच्या थांबत नाहीत.

संपाच्या वेळी संघटना म्हणत होती, डिस्ट्रिक्टकडे जवळपास ५ अब्ज डॉलर शिल्लक आहे, द्या त्यातून. डिस्ट्रिक्ट म्हणत होतं, त्यातले बरेच पैसे आधीच कशाकशाला बांधलेले आहेत. इथे डिस्ट्रिक्टच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. शिल्लक एकदाच खर्च होते, पगारवाढ दरवर्षी द्यावी लागते. महासाथीच्या काळात केंद्रानं शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले, ते कशावर खर्चायचे ते पक्कं करण्याची शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्या पैशांवर ज्यांनी कायमची माणसं नेमली, ती डिस्ट्रिक्ट त्यानंतर कपातीच्या याद्या करायला बसली, आणि अशा यादीत पॅराचं नाव बऱ्याचदा शिक्षकाच्या आधी येतं.

‘संपानं मुलांचंच नुकसान होतं ना?’

होतं. लॉस एंजेलिसमध्ये अनेक मुलांचं दिवसातलं भरवशाचं जेवण शाळेतच होतं, म्हणून त्या तीन दिवसांत डिस्ट्रिक्टला जेवण वाटपाची केंद्रं उघडावी लागली. म्हणूनच अनेक राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांचा संप बेकायदा आहे. न्यूयॉर्कमध्ये संपाच्या प्रत्येक दिवसासाठी दोन दिवसांचा पगार जातो. मॅसॅच्युसेट्समध्येही बंदी आहे, तरी जानेवारी २०२४ मध्ये न्यूटन गावातला संप शाळेचे ११ दिवस चालला आणि संघटनेनं सहा लाख डॉलरच्या वर दंड भरला. तिथला एक कळीचा मुद्दा वर्गातल्या सहायकांचा पगार हाच होता. हे गाव बोस्टनजवळचं, चांगलंच सधन, तरीही.

लॉस एंजेलिसमध्ये महापौर कॅरन बास मध्ये पडल्या आणि तीन दिवसांचा संप संपताच, २४ मार्चला, तोडगा निघाला. संपाआधी डिस्ट्रिक्ट २३ टक्क्यांवर आलं होतं, ठरले ३० टक्के. हे ३० टक्के एका दिवसात मिळालेले नाहीत. मागील तारखेपासून टप्प्याटप्प्यानं वाढ, आणि जानेवारी २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ताशी २ डॉलर. सरसकट रकमेचा फायदा तळच्या माणसाला सगळ्यात जास्त होतो, ही त्यातली खुबी. किमान दर २२.५२ डॉलर झाला. संघटनेच्या हिशेबानं सरासरी वार्षिक पगार २५,००० वरून ३३,००० डॉलरवर जाणार होता.

बातम्यांचे मथळे ३० टक्क्यांचे होते. मला त्या करारातलं दुसरं एक कलम जास्त मोलाचं वाटतं. दिवसाला ४ तास किंवा जास्त काम करणाऱ्या वर्ग-सहायकांना कुटुंबासह आरोग्यविमा मिळाला. ज्या उंबरठ्याच्या खाली तास दाबून ठेवायचे, तो उंबरठाच खाली आणला. मग पावणेसहा तासांची जाहिरात काढण्यात डिस्ट्रिक्टचाही फायदा उरत नाही.

तुम्हाला ही नोकरी धरायची असेल तर

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे. २०१५ पासून एच-१बी व्हिसाधारकांच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. मुलं शाळेत गेल्यावर तिथेच लंच एड (जेवणाच्या सुट्टीतला मदतनीस) किंवा पॅरा म्हणून लागणं, ही त्यातल्या काहींना सोयीची पहिली नोकरी वाटते. घरात दुसऱ्याचा पगार आणि विमा असेल तर वरची बरीच गणितं टोचत नाहीत. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या बाईंकडे मात्र तो दुसरा पगार नसू शकतो, हे संघटनेच्या मतदानाच्या वेळी लक्षात असावं.

नेमणुकीचं पत्र हातात आलं की ताशी दराच्या आधी आठवड्याचे तास आणि वर्षाचे दिवस गुणून बघा. विमा किती तासांपासून मिळतो, सणासुदीच्या सुट्ट्या पगारी आहेत का, पगार दहा हप्त्यांत की बारा, आणि कुणी मूल चावलं तर त्या दिवसाची रजा कुणाच्या खात्यातून जाते, हे सगळं संघटनेच्या करारात लिहिलेलं असतं. तो करार बहुधा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर उघडाच असतो. मंडळाच्या बैठकाही खुल्या असतात, कुणालाही उठून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. कॅलिफोर्नियात पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक १ जुलैपूर्वी मंजूर करावं लागतं, त्यामुळे त्यावरची चर्चा जूनमध्ये होते, नेमकी पॅरांची सुट्टी लागते तेव्हा.